पाहण्याची मजुरी

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण रूढ झाली तेव्हा घर बांधणारा आणि त्यात राहणारा माणूस बहुधा एकच असे. पाया किती खोल गेला, चुन्यात वाळू किती पडली, आढ्याचं लाकूड कुठून आलं, हे त्याला ठाऊक असे. आज आपण घर बांधत नाही, विकत घेतो. दुसऱ्यानं बांधलेलं, तिसऱ्यानं वापरलेलं आणि विकण्याआधी रंगवून चकचकीत केलेलं घर आयुष्यातली सगळ्यात मोठी रक्कम मोजून घेतो. म्हणीतलं ‘पाहणं’ मग आपल्यासाठी दुसऱ्या कुणीतरी करावं लागतं. अमेरिकेत या पाहण्याचा स्वतंत्र धंदा झाला आहे. तो करणाऱ्याला तिथे होम इन्स्पेक्टर म्हणतात. मी त्याला तपासनीस म्हणेन.

या धंद्याशी माझा संबंध आला तो भाषांतरामुळे. ओळखीच्या एका मुलीनं न्यू जर्सीत घर घ्यायचं ठरवलं. पैशाचा काही भाग तिच्या इंदूरच्या आईवडिलांचा होता, आणि तपासनिसानं दिलेला चाळीसेक पानांचा अहवाल त्यांना समजून घ्यायचा होता. तो मी मराठीत आणला. काम सोपं वाटलं होतं, पण एका क्रियापदाशी अडले. तळघरात ‘ओल नाही’ असं अहवालात कुठेच नव्हतं. ‘तपासणीच्या वेळी, दिसू शकणाऱ्या भागात, ओल आढळली नाही’ असं होतं. वडील म्हणाले, “म्हणजे ओल नाही ना?” मी म्हटलं, “काका, तसं तो म्हणत नाहीये.” ‘नाही’ आणि ‘आढळली नाही’ यांच्यामध्ये जी जागा आहे, तिथेच या माणसाचं पोट आहे. त्या जागेची किंमत कशी ठरते, याचा विचार तेव्हापासून मी करते आहे.

व्यवहार असा चालतो. घर पसंत पडलं की खरेदीदार किंमत सांगतो. करारात बहुधा अट असते, की ठरलेल्या मुदतीत, साधारण आठदहा दिवसांत, तपासणी करून घेता येईल आणि मोठा दोष निघाला तर किंमत पुन्हा बोलता येईल किंवा माघार घेता येईल. तपासनीस येतो, दोनतीन तास घर पाहतो. छपरावर चढतो, माळ्यावर डोकावतो, घराखालच्या पोकळीत पोटावर सरपटत शिरतो, विजेची पेटी उघडतो, नळ सोडून ठेवतो. भिंत मात्र फोडत नाही, कारण घर अजून दुसऱ्याचं असतं. घरी जाऊन तो अहवाल लिहितो. याबद्दल त्याला साधारण ३०० ते ५०० डॉलर मिळतात. घराचं क्षेत्रफळ, वय, खालची पोकळी, गाडीचं अंतर यांवर आकडा हलतो. रेडॉन वायूची चाचणी, वाळवीची पाहणी, सांडपाण्याच्या नळीत कॅमेरा घालणं यांचे पैसे वेगळे.

आकडा आकर्षक दिसतो. पण दिवसाला नीट पाहता येतात ती दोनच घरं, आणि तीही हंगामात. समजा, वर्षाला २५० घरं आणि दर घरामागे ४०० डॉलर, तर एक लाख डॉलर जमतात. त्यातून व्यावसायिक चुकीचा विमा, गाडी, शिड्या, ओल मोजायचं यंत्र, उष्णता टिपणारा कॅमेरा, परवाना, कर, स्वतःचा आरोग्य विमा हे सगळं जातं. नवा माणूस धंद्यात शिरताना दोनशे-अडीचशेतही काम घेतो. पण तेवढ्यात भागवायचं तर दिवसाला तीनचार घरं करावी लागतात. चौथ्या घराच्या पोकळीत शिरताना तो शेवटच्या कोपऱ्यापर्यंत सरपटेल, की दारातून विजेरीचा झोत टाकून परतेल? दोन्ही वेळा अहवालात वाक्य तेच येईल: आढळलं नाही.

इथे किंमत हा नैतिक प्रश्न होतो. स्वस्त आंबा आणि महाग आंबा यांतला फरक खाल्ल्यावर कळतो. स्वस्त तपासणी आणि महाग तपासणी यांतला फरक कळायला एखादा पावसाळा, कधी दहा वर्षं लागतात, आणि घर मुळातच चांगलं असेल तर तो कधीच कळत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन दाखवलं होतं, की विकणाऱ्याला माहीत असलेला दोष घेणाऱ्याला दिसत नसेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावतो. तपासनीस हा या दुखण्यावरचा उपाय. पण उपायालाही तेच दुखणं लागू आहे. त्याची नजर चांगली की थकलेली, हे घेणाऱ्याला दिसत नाही; त्याला दिसतो फक्त दर. मग नीट पाहणाऱ्याला हुसकावणारा बाजार पुन्हा उभा राहतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ असं आपल्याकडे म्हणतात. या माणसाला पोळी कोण घालतो? वरवर पाहता खरेदीदार, कारण फी तो देतो. पण खरेदीदार आयुष्यात एकदोनदाच घर घेणार. त्याला तपासनिसाचं नाव सुचवणारा एजंट मात्र वर्षाला कितीतरी घरं विकतो. एजंटाला दलाली मिळते ती सौदा झाला तरच. तपासनिसाला फी मिळते सौदा होवो वा मोडो. एका व्यवहारातली ही दोन माणसं, पण त्यांची मजुरी दोन वेगळ्या गोष्टींना बांधलेली. म्हणूनच फार दोष काढणाऱ्याला तिथल्या बोलीत ‘डील किलर’, सौदा मारणारा, म्हणतात. त्याला कुणी काढून टाकत नाही. फक्त फोन येणं कमी होतं.

हे ओळखूनच नियम झाले. अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स ही १९७६ साली स्थापन झालेली संघटना. तिची आचारसंहिता सांगते, की निष्कर्षांवर किंवा विक्रीवर अवलंबून असलेला मोबदला घ्यायचा नाही. नाव सुचवल्याबद्दल एजंटाला पैसे द्यायचे नाहीत. तपासलेल्या गोष्टींची दुरुस्ती वर्षभर पैसे घेऊन स्वतः करायची नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याचा कायदा याहून पुढे जातो. खरेदीदाराशी स्वतंत्र करार नसलेल्या दलालाला विशिष्ट तपासनिसाचं नावच सुचवता येत नाही. नियम नेमके आहेत. पण संहिता रोख देवघेव थांबवू शकते, आशा थांबवू शकत नाही. पुढच्या आठवड्यात फोन येईल ही आशा कुठल्याही पावतीवर दिसत नाही.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात सॉक्रेटिस थ्रॅसिमॅकसशी वाद घालताना एक भेद करतो. वैद्याची विद्या म्हणजे रोग्याला बरं करणं. पैसे कमावणं ही वेगळी विद्या, जी वैद्य, नावाडी, गवंडी सगळेच जोडीला वापरतात. वैद्य म्हणून तो रोग्याचं भलं पाहतो, मजुरी मिळवणारा म्हणून स्वतःचं. विद्यार्थीदशेत हा भेद मला फार स्वच्छ वाटला होता. आज वाटतं, त्यात एक गोष्ट राहून गेली. दोन विद्यांचं शरीर एकच असतं आणि दिवसही एकच. तपासायचा कोपरा आणि संध्याकाळचा फोन यांच्यात निवड करायची वेळ येते तेव्हा दोन्ही विद्या एकाच माणसाला हाका मारतात.

हे मला परकं नाही. भाषांतराला शब्दामागे दर मिळतो. दोन मिनिटांत सुचलेल्या शब्दाला आणि दोन दिवस छळणाऱ्या शब्दाला एकच. काही वर्षांपूर्वी एका प्रकाशनसंस्थेनं दुसऱ्या कुणीतरी केलेलं भाषांतर तपासायला दिलं. पानं लागलेली होती, तारीख ठरलेली होती. मिळणारी रक्कम एवढी लहान होती, की ‘ठीक आहे’ या दोन शब्दांचीच ती किंमत असावी हे उघड होतं. मूळ पुस्तक शेजारी ठेवून वाचलं तेव्हा तीन ठिकाणी परिच्छेदच गळलेले सापडले. तसं कळवलं. पुस्तक दुरुस्त होऊन निघालं, मला धन्यवादाचं पत्र आलं, आणि त्यानंतर त्या संस्थेकडून काम आलं नाही. मला ते परवडलं, कारण त्या वर्षी दुसऱ्या एका मोठ्या कामाचे पैसे येत होते. नसते आले तर? मी तसंच कळवलं असतं असं म्हणायला आवडेल. पण न परवडणाऱ्या वर्षाची परीक्षा त्या पुस्तकानं माझ्याकडून घेतली नाही, तेव्हा त्याचं श्रेय मी घेऊ नये.

एजंटाचा दबाव कमी दोष काढण्याचा असेल, तर उलट दबावही आहे. चारशे डॉलर देऊन ‘काही मोठं निघालं नाही’ हे ऐकणाऱ्याला फसल्यासारखं वाटतं. मग सैल मुठी, कुरकुरणारी दारं, उडालेला रंग यांची यादी लांबत जाते. प्रत्येक गोष्ट लिहून ठेवणारा तपासनीस प्रामाणिक दिसतो. पण साठ किरकोळ दोषांत एक जीवघेणा दोष पुरला गेला, तर त्यानं स्वतःला वाचवलं, घेणाऱ्याला नाही. खरं सांगणं म्हणजे सगळं सांगणं नव्हे. कशाचं वजन किती हे सांगणं त्यात येतं, आणि त्या वजन करण्याचीच खरी मजुरी असते.

मग चूक झाली तर? अनेक करारांत तपासनिसाची जबाबदारी घेतलेल्या फीपुरती मर्यादित केलेली असते. न्यू जर्सीतल्या एका खटल्यात फी होती ३८५ डॉलर, आणि जबाबदारी ५०० डॉलर किंवा फीची निम्मी रक्कम यांतली जी लहान तेवढीच. म्हणजे १९२ डॉलर ५० सेंट. छपराचा निसटलेला दोष हजारो डॉलरचा होता. २००४ साली तिथल्या अपील न्यायालयानं हे कलम अमान्य केलं. मला तो निर्णय पटतो. घराकडे पाहायलाच बोलावलेला माणूस ‘पाहण्यातली माझी चूक दोनशे डॉलरच्या आत’ म्हणत असेल, तर तो पाहणं विकत नाही, कागद विकतो. पण दुसरी बाजूही खरी आहे. चारशे डॉलरांत चार लाखांच्या घराची हमी कुणी देऊ शकत नाही. ती मागणं म्हणजे मजुराकडून विमा कंपनीचं काम करून घेणं. तो विकतो ते लक्ष. लक्ष दिलं गेलं का, एवढंच त्याला विचारता येतं. पण तेवढं पूर्ण विचारलं पाहिजे.

आपल्याकडे हा धंदा नुकता रुजतो आहे. पुणे, बेंगळुरू, गुरुग्रामसारख्या शहरांत सदनिका चौरस फुटाच्या दरानं तपासून देणाऱ्या कंपन्या आहेत. २०१६ च्या रेरा कायद्यानं ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर टाकली, त्यामुळे अशा अहवालाला अर्थ आला. पण नव्या सदनिकेची तपासणी आपल्याकडे बहुधा ताबा घेताना होते. तोवर बहुतेक पैसे भरून झालेले असतात, आणि अहवाल माघारीचा आधार न राहता दुरुस्तीची यादी होतो. त्याआधी आपण ओळखीचा मेस्त्री किंवा जाणता नातेवाईक घेऊन जात असू. तो भिंतीवर बोटं वाजवून सांगे, आणि त्याची फी म्हणजे चहा. ती नजर फुकट होती, पण मोकळी होती असं नाही. बिल्डर त्याच्या ओळखीचा निघाला की चहाच्या वाफेत बरंच काही विरून जाई.

करोनाच्या काळात अमेरिकेत घरांसाठी झुंबड उडाली तेव्हा आपली मागणी उजवी ठरावी म्हणून कित्येक खरेदीदारांनी तपासणीचा हक्कच सोडला. रोख मोजणाऱ्याला ही जोखीम पेलते. सगळी बचत घातलेल्याला नाही. मॅसॅच्युसेट्सनं ऑक्टोबर २०२५ पासून, तपासणी सोडण्याच्या अटीवर घर विकायला बहुतेक व्यवहारांत बंदी केली. पाहणं हा फक्त ज्याचा त्याचा सौदा नाही, हे त्या राज्यानं मान्य केलं असं मी समजते.

तर योग्य किंमत कोणती? माझं उत्तर दोन भागांत आहे. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत जायला लागेल तेवढा वेळ तिच्यात मावला पाहिजे. आणि पुढचं काम गेलं तरी महिना निघेल, एवढी ताकद तिनं पाहणाऱ्याला दिली पाहिजे. पहिला भाग श्रमाचा, दुसरा निर्भयतेचा. दुसरा भाग पावतीवर कुणी लिहीत नाही, पण तो वगळून ठरवलेला दर स्वस्त नसतो, अपुरा असतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे: म्हणजे प्रामाणिकपणा परवडणाऱ्यांनाच का? नाही. कर्जात बुडालेल्या नवख्या तपासनिसावरही खरं सांगण्याचं कर्तव्य तेवढंच आहे. दर कमी म्हणून वाळवी कमी होत नाही. पण कर्तव्य त्याचं आहे म्हणून त्याचा सगळा भार त्याच्याच पाठीवर ठेवून आपण मोकळे होतो, ते चूक. दीडशे डॉलर वाचवणारा खरेदीदार, नावांची यादी बाळगणारा एजंट, तयार पानांवर ‘ठीक आहे’ मागणारा प्रकाशक, हे सगळे त्या भारात वाटेकरी आहेत. ‘किती घेणार?’ हा प्रश्न आपण सहज विचारतो. त्याच्या आधी दोन प्रश्न विचारता येतील: दिवसाला किती घरं पाहता, आणि तुम्हाला कामं कुठून येतात? या दोन उत्तरांनंतर ऐकलेला आकडा महाग वाटला, तरी तो कशाचा आहे हे तरी आपल्याला कळलेलं असेल.