जामीनदार म्हणून सही करावी का?

आजचं वाचन: बेनसिरा २९:१-२०



बेनसिराचं पुस्तक आपण क्रमाने वाचतोय, आज एकोणतिसावा अध्याय. (तुमच्या मोबाईलवरच्या ॲपमध्ये बेनसिरा सापडत नसेल तर ते बहुधा प्रोटेस्टंट आवृत्तीचं ॲप असेल. त्यांच्या बायबलमध्ये हे पुस्तक नसतं. कॅथोलिक बायबल उघडा.) ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला यरुशलेममध्ये तरुणांना शिकवणारा हा गुरुजी. मैत्रीवर बोलतो, आईवडिलांच्या सेवेवर बोलतो, मेजवानीला गेल्यावर कसं वागावं तेही सांगतो. आणि इथे तो थेट उसनवारीवर येतो.

त्याने रंगवलेला कर्जदार वाचून हसू येतं. पैसे हातात पडेपर्यंत हा माणूस देणाऱ्याचा हात चुंबतो, आवाज खाली आणून बोलतो. परत द्यायची वेळ आली की तारखा पुढे ढकलतो, दिवस वाईट आलेत म्हणतो. निम्मे परत आले तरी देणाऱ्याने नशीब समजावं, उरलेल्या निम्म्याच्या बदल्यात शिव्याशाप. सुमारे २,२०० वर्षांपूर्वीचं लिखाण आहे हे. ज्याने मित्राला ‘महिनाअखेर देतो’ या शब्दावर जीपे केलंय, त्याला यातलं काहीच नवीन वाटणार नाही.

एवढं ऐकल्यावर वाटतं, आता हा सांगणार की कुणाला पैसे देऊच नका. पण तो म्हणतो, तरीही द्या. अनेक जण कंजूषपणामुळे नाही, तर फसवले जाऊ या भीतीने हात आखडता घेतात, हे त्याला माहीत आहे. ती भीती तो खोटी ठरवत नाही. गरिबाच्या बाबतीत धीर धरायला सांगतो, आणि दगडाखाली गंजत पडण्यापेक्षा भावासाठी, मित्रासाठी चांदी गेली तर जाऊ दे म्हणतो.

मग चौदाव्या वचनापासून विषय येतो जामिनाचा. आज मला त्यावरच थांबायचंय, कारण पंचविशी-तिशीतल्या आपल्या मंडळींपुढे हा प्रश्न हमखास येतो. पक्की नोकरी लागते, खात्यात पगार जमा व्हायला लागतो आणि घरातला, नात्यातला, धर्मग्रामातला कुणीतरी फोन करतो: ‘अरे, फक्त एक सही हवीय. फॉर्मॅलिटी आहे.’

नीतिसूत्रांच्या पुस्तकात याचं उत्तर एकदम सोपं आहे. जामीन राहू नकोस. सहाव्या अध्यायात तर सांगितलंय की अडकलाच असशील तर डोळ्याला डोळा लावू नकोस, शिकाऱ्याच्या हातून हरीण निसटतं तसा निसट. बाविसाव्या अध्यायात विचारलंय की अंगाखालचं अंथरूण जप्त व्हायची वेळ का आणावी? माझ्या ओळखीतले दोन-तीन काका या वचनांवर आयुष्यभर निर्धास्त जगलेत. कुणी काही मागायला आलं की बायबल पुढे!

बेनसिराला नीतिसूत्रं चांगलीच ठाऊक होती. तरी तो म्हणतो की चांगला माणूस शेजाऱ्यासाठी जामीन राहतो. लगेच पुढे हेही सांगतो की जामिनापायी भलेभले बुडाले, समुद्राच्या लाटेसारखे फेकले गेले, घरदार सोडून परक्या मुलखात भटकले. या दोन्ही गोष्टी तो एकाच दमात मांडतो आणि विसाव्या वचनात म्हणतो की आपल्या ऐपतीप्रमाणे शेजाऱ्याला हात दे, पण स्वतः पडणार नाहीस हे बघ. याच पुस्तकाच्या आठव्या अध्यायात, तेराव्या वचनात, त्याने हे आणखी कोरडेपणाने सांगितलंय: ऐपतीबाहेर जामीन राहू नकोस, आणि राहिलास तर पैसे भरावे लागणार असं धरूनच चाल.

हे दुसरं वाक्य एखाद्या बँक अधिकाऱ्याने लिहावं इतकं नेमकं आहे. आपला कायदाही तेच सांगतो. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८: करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागावं, त्याची गाडी विकावी आणि उरलंसुरलं तुमच्याकडे मागावं, असा क्रम कायद्याने बांधून दिलेला नाही. पहिली नोटीस तुमच्या पत्त्यावर येऊ शकते. शिवाय ते कर्ज तुमच्या सिबिल रिपोर्टमध्येही दिसतं, आणि उद्या तुम्ही घरासाठी कर्ज मागायला गेलात की बँक त्याचाही विचार करते.

तर मग ‘फॉर्मॅलिटी’ या शब्दाचं काय करायचं? मला वाटतं, इथला नैतिक प्रश्न पैशांच्या आधी खरं बोलण्याचा आहे. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण सातव्या आज्ञेखाली, परिच्छेद २४१० मध्ये, सांगते की दिलेली वचनं पाळली पाहिजेत आणि करार, जोपर्यंत त्यातली बांधिलकी न्याय्य आहे तोपर्यंत, काटेकोरपणे पाळले पाहिजेत. जामीनपत्र हे वचन आहे. हा नाही भरू शकला तर मी भरेन, असं मी त्यावर लिहून देतोय. ८ लाख भरायची माझी तयारी नाही, ताकद नाही, आणि तरी मी सही करतोय, तर मी प्रेमाने एक खोटं वचन दिलं एवढंच झालं. त्यात औदार्य कुठे आलं? वर तारण ठेवले ते माझ्या एकट्याचे पैसेही नव्हते. त्यात बायकोचा वाटा होता, मुलाची फी होती, आईच्या औषधांचे पैसे होते. तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी संत पौल किती कडक बोलतो, ते एकदा वाचा.

हे मी नुसतं पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या मावसभावाने टेम्पो घेण्यासाठी ८ लाखांचं कर्ज काढायचं ठरवलं आणि जामीनदार म्हणून माझं नाव दिलं. मुलगा कष्टाळू, भाजीचा धंदा वसईहून दादरला, व्यसन नाही. बायको आणि मी एका रविवारी मिस्सानंतर वही घेऊन बसलो. पाच वर्षांच्या कर्जाचा हप्ता महिन्याला साडेसतरा हजारांच्या आसपास पडत होता. त्याचा धंदा सहा महिने बंद पडला तर तो हप्ता आम्ही भरू शकतो का? नाही. दहा हजारांपर्यंत ओढाताण करून जमलं असतं. मग मी त्याला सांगितलं, ‘तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला मी सही करतो. ते बुडलं तर मी भरेन, आणि तुझ्याशी बोलणं बंद करणार नाही. ८ लाखांचं तसं वचन मला देता येत नाही.’

त्याला लागलं. मावशीलाही लागलं. ‘इतका शिकलास आणि भावाला मोजायला लागलास,’ असं ती म्हणाली. फॅमिली ग्रुपवर दोन महिने शांतता. मी काही फार शांत नव्हतो त्या काळात, रात्री उठून उठून बसायचो. शेवटी त्याने जुना टेम्पो बघितला, ३ लाखांचं कर्ज, तीन वर्षांची मुदत. त्यावर माझी सही आहे. अजून २२ हप्ते बाकी आहेत. दोनदा हप्ता उशिरा गेलाय. पुढे काय होईल ते मला माहीत नाही.

मावशीचं वाक्य मात्र माझ्या मनात राहिलं. भावाला मोजायचं असतं का? म्हणून मी बायबलमध्ये कोण कोण जामीन राहिलंय ते शोधायला लागलो.

पहिला सापडतो यहूदा. उत्पत्तीच्या ४३व्या अध्यायात दुष्काळात धान्य आणायला मिसरला जायचंय आणि धाकट्या बन्यामीनला सोबत न्यावं लागणार आहे. याकोब सोडायला तयार नाही. तेव्हा यहूदा बापाला सांगतो की मी त्याचा जामीन, तो परत आला नाही तर दोष कायम माझ्यावर. लक्षात घ्या, योसेफला विकून टाकू या ही कल्पना याच यहूदाची होती. आणि पुढच्या अध्यायात जामीन वसूल करायची वेळ येते तेव्हा तो पळत नाही, बन्यामीनच्या जागी मला गुलाम म्हणून ठेवा म्हणतो.

दुसरा संत पौल. फिलेमोनला लिहिलेलं पत्र एवढंसं आहे, पाच मिनिटांत वाचून होतं. तुरुंगातून लिहिलेल्या या पत्रात तो ओनेसिम नावाच्या गुलामाला मालकाकडे परत पाठवतोय. याने तुझं काही देणं केलं असेल तर ते माझ्या नावावर मांड, असं तो लिहितो. आणि मग, हे मी माझ्या हाताने लिहितोय, मी फेडीन. पौलाची पत्रं एरवी लेखनिक लिहीत असत. रोमकरांस पत्राच्या शेवटी लेखनिक स्वतः नमस्कार सांगतो. इथे पौल स्वतः लेखणी हातात घेतो. जामीनपत्रावरची सही आहे ती! (पुढच्याच वाक्यात, तू तर मला स्वतःचं जीवनच देणं लागतोस, अशी फिलेमोनला हळूच आठवणही आहे. पौल हिशेबात कच्चा नव्हता.)

आणि तिसरं नाव इब्री लोकांस पत्र, अध्याय ७, वचन २२ मध्ये. प्रभू येशू हा अधिक चांगल्या कराराचा जामीन आहे. तिथला ग्रीक शब्द ‘एंग्युओस’ नव्या करारात फक्त या एकाच ठिकाणी येतो. बेनसिराच्या ग्रीक पुस्तकात २९व्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात हाच शब्द आहे. तिथे बेनसिरा सांगतो की जामीनदाराचे उपकार विसरू नकोस, त्याने तुझ्यासाठी आपला जीव दिलाय. तो बोलत होता बाजारातल्या उधारीबद्दल. आपण ते वाचतो आणि क्रूस डोळ्यासमोर येतो.

या तिघांपैकी कुणीही फॉर्मॅलिटी म्हणून सही केलेली नाही. काय भरावं लागेल हे माहीत असूनच ते पुढे झाले. म्हणून मावशीला माझं उत्तर असं आहे की भावाला मोजायचं नाही, स्वतःला मोजायचं.

पण स्वतःला मोजताना प्रामाणिकपणा लागतो, आणि इथे आपण शहरातली पोरं फार लवकर सुटका करून घेतो. संत थॉमस अक्विनास दानधर्माबद्दल लिहिताना गरजेचे दोन प्रकार करतात. जी वस्तू दिली तर मी आणि माझ्यावर अवलंबून असलेली माणसं जगूच शकणार नाहीत, ती देणं सहसा योग्य नाही. पण जी आपलं राहणीमान जसंच्या तसं टिकवायला लागते, तिच्यातून थोडं देणं चांगलंच. माझ्या ‘जमत नाही’ मध्ये आईची औषधं पहिल्या गटात येतात. दरवर्षीची गोव्याची ट्रिप आणि दर दोन वर्षांनी नवा फोन कुठल्या गटात येतात, हे आम्ही त्या वहीत लिहिलं तेव्हा दहा हजारांचा आकडा निघाला. आधी निघत होता चार हजार!

‘देव बघून घेईल, कर सही’ असं म्हणणारेही भेटतील, त्यातले काही तर खूप भाविक असतात. देव बघून घेतो यावर माझा विश्वास आहे. पण मंदिराच्या शिखरावरून उडी मार, देवदूत झेलतील, हे वाक्य शुभवर्तमानात कुणाच्या तोंडी आहे तेही मला आठवतं.

आपल्या वसईच्या लोकांना तर जामीन ही परकी गोष्ट नाहीच. आजच्या बॅसीन कॅथॉलिक बँकेची सुरुवात १९१८ची. १९०४च्या कायद्यानंतर देशभर ज्या सहकारी पतसंस्था उभ्या राहिल्या, त्यांचा आधारच तो होता. गरिबाकडे तारण ठेवायला काही नसायचं, तेव्हा त्याला ओळखणारे दोन सभासद त्याच्यासाठी सही करायचे आणि तो सावकाराच्या दारातून सुटायचा. सगळ्यांनी नीतिसूत्रांचं एकच वचन धरून बसायचं ठरवलं असतं तर किती जमिनी गेल्या असत्या, कुणास ठाऊक. पण ते दोन सभासद त्याच गावातले असत. पीक कसं आहे, घरात कोण आजारी आहे, हे त्यांना दिसत असे. तुम्ही हिंजवडीत बसून ओटीपीवर जामीन देत असाल तर एवढं तरी करा: जाऊन धंदा बघा, कागद वाचा. हमी फक्त याच कर्जाची आहे की पुढच्या वाढीव कर्जाचीही, ते विचारा. आणि नवरा-बायकोने एकमेकांपासून लपवून कधीच सही करू नका.

आता पंधराव्या वचनाकडे परत येऊ, कारण ते जामीनदाराला नाही, कर्जदाराला उद्देशून आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या शिक्षणकर्जावर वडिलांची किंवा आईची सही आहे, सहकर्जदार म्हणून. आपण ती सही करताना त्यांना बघितलंय, बहुतेकांनी फारसं न वाचता केलेली. तुमचं असं कर्ज चालू असेल तर आज बाबांना फोन करून किती हप्ते राहिले ते सांगा. त्यांनी विचारलं नसेल, पण त्यांना माहीत करून घ्यायचं असतं. आणि एखादा हप्ता चुकणार असेल तर बँकेचा फोन त्यांना जायच्या आधी तुमचा जाऊ दे.