औषध, विश्वास आणि दाद

१९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषधपुरवठ्यापासून मंत्रिपदापर्यंतचा दोष उघड केला.

आज संकेश्वरचा रुग्णही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये सदोष औषधाच्या उत्पादकाकडून भरपाई मागू शकतो. परंतु पावती, वेष्टन, तपासणीचे अहवाल जपावयाचे ते त्यानेच. ज्याने विश्वासाने औषध घेतले, त्यानेच संशयी माणसाप्रमाणे पुरावे राखावेत, हा न्याय आहे काय?

औषधातील विष रुग्णाला दिसत नाही. ते प्रयोगशाळेतच दिसते. म्हणून तपासण्याचे सामर्थ्य ज्याच्या हाती, सिद्ध करण्याचा भारही त्याच्याच शिरी असावा. भरपाई हे उशिरा फेडलेले ऋण होय. कर्तव्य त्याआधीच चुकलेले असते.