देवाचा अबोला

देव जवळ आहे की लांब, हा प्रश्न आम्हा वर्तकनगरकरांना सहसा पडत नाही. गुरुवारी साईबाबांच्या देवळाबाहेरची रांग पाहिली की देवाचा पत्ता कोणीही सांगेल. शिवाय आमच्याकडे सोय मोठी. एका देवाने अर्ज फेटाळला तर दुसऱ्याकडे करावा. तेहतीस कोटी खिडक्या, एखादी तरी उघडी असणारच!

ख्रिस्ती माणसाची खिडकी मात्र एकच. तीच बंद दिसली तर त्याने जायचे कुठे? हरवलेल्या वस्तू शोधून द्यायला कॅथलिकांकडे संत अंथोनी आहेत हे खरे; पण देवच हरवला, तर संत अंथोनींना तरी कोणत्या तोंडाने सांगायचे?

आमच्या वरच्या मजल्यावर वसईकडच्या एक मावशी राहतात. यजमान गेल्यापासून त्यांचे आणि देवाचे काहीतरी बिनसले आहे. एकदा जिन्यात म्हणाल्या, "भाऊ, दोन वर्षं झाली, रोज प्रार्थना करते. तिकडून हूं नाही की चूं नाही."

"मग दर रविवारी मिस्साला जाता कशाला?" मी विचारले.

"अहो, आमचे हे रागावले की आठ-आठ दिवस बोलायचे नाहीत. म्हणून मी काय पान वाढायचं सोडलं होतं?"

एवढे बोलून मावशी डबा घेऊन खाली उतरल्या. तळमजल्यावरच्या एकट्या आजोबांना रविवारचे जेवण त्याच पोचवतात.

मावशींच्या पंगतीला मोठमोठी माणसे आहेत. मदर तेरेसांना १९७९ साली नोबेल मिळाले तेव्हा आपण समजत होतो की ह्या बाईंचे देवाशी रोजचे बोलणे असणार. पुढे, त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ साली त्यांची खाजगी पत्रे छापून आली आणि कळले, की जवळजवळ ५० वर्षे त्यांना आत नुसता अंधार जाणवत होता. तरी पहाटे उठणे, प्रार्थना आणि कोलकात्याच्या रस्त्यावरचे मरणोन्मुख जीव उचलणे, यात खंड नाही. आणि क्रुसावर खुद्द येशूने विचारलेच की, मला का सोडलेस? पण विचारले ते देवालाच. तक्रारसुद्धा दुसऱ्याच्या दारात नेली नाही.

आपल्या लक्ष्मीबाई टिळकांचे पाहा. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा हा नवा देव बाईंच्या लेखी नवरा पळवणारा होता. त्याच्याइतका लांबचा कोणी नव्हता. तरी १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला, आणि १९१९ साली टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' ह्याच बाईंनी पुरे केले.

आता कोणी तर्कशुद्ध गृहस्थ म्हणतील, पलीकडे कोणी नसेलच तर? ह्याचा निकाल माझ्यासारख्याने लावावा असा तो प्रश्न नव्हे. पण मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे अबोला धरायला आधी नाते लागते. रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसाचा अबोला कधी कोणाला टोचला आहे काय? देव बोलत नाही म्हणून ज्याला रात्री झोप येत नाही, त्याचे नाते तुटलेले नाही, दुखते आहे एवढेच. दुसरे असे, की वाढलेले पान फुकट जात नाही. मदरच्या अंधारातसुद्धा कोलकात्याचा कोणीतरी जेवलाच, आणि आमचे तळमजल्यावरचे आजोबाही दर रविवारी जेवतात. आशा म्हणतात ती बहुधा अशीच असते; डोक्यात प्रकाश वगैरे पडो न पडो, हातात डबा असतो.

असो. कालपासून आमच्या घरीही अबोला आहे. कारण सांगण्यात अर्थ नाही. स्वयंपाकघरातून हाक आलेली नाही, पण ताट मांडल्याचा आवाज आला आहे. तेव्हा उठतो.