लाभांश आणि अनुमोदना

दोन समभागांतून दीर्घ मुदतीसाठी एक निवडताना गुंतवणूकदार भावाच्या तुलनेत लाभांश किती, नफ्यातला किती हिस्सा वाटला जातो आणि डोक्यावर कर्ज किती, हे पाहतो. हे सारे तोलून पारडी सारखीच राहिली की उरतो तो नफा कशातून येतो हा प्रश्न. जैन आचारशास्त्राने तो शेअरबाजाराच्या कितीतरी शतके आधी हाताळला आहे.

कोल इंडिया आणि पॉवर ग्रिड ही जोडी घ्यावी. दोन्ही केंद्र सरकारच्या, दोन्ही महारत्न, दोन्ही लाभांशासाठी नावाजलेल्या. पहिली १९७५ सालची. देशातला बहुतांश कोळसा तीच काढते, आणि विदर्भातल्या खाणी चालवणारी नागपूरची वेस्टर्न कोलफील्ड्स तिचीच उपकंपनी. दुसरी १९८९ सालची, वीज वाहून नेणारी. पहिलीवर कर्ज थोडे, पण नफा कोळशाच्या मागणीबरोबर हलतो. दुसरीने वाहिन्या उभारण्यासाठी मोठे कर्ज काढले आहे, पण तिचे उत्पन्न नियामक आयोगाच्या दरांनी बरेचसे बांधलेले आहे. नुसत्या हिशेबाने निकाल लागत नाही.

उपासकदशांग या जैन आगमात श्रावकाने, म्हणजे गृहस्थाने, टाळावयाचे पंधरा धंदे सांगितले आहेत. त्यांना कर्मादाने म्हणतात. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्यांची पुन्हा मांडणी केली. त्यांत अंगारकर्म म्हणजे कोळसे पाडणे, भट्ट्या लावणे यांवरची उपजीविका आणि स्फोटकर्म म्हणजे जमीन खोदून, फोडून केलेली उपजीविका. खाण या दुसऱ्या वर्गात सरळ बसते. मात्र भाड्याने ओझी वाहण्याचे भाटककर्मही याच यादीत आहे, तेव्हा वाहतूक करणारा आपोआप सुटतो असे नाही. तिथला आक्षेप ओझ्याखाली पिचणाऱ्या जनावरांसाठी होता, आणि तारांतून जाणाऱ्या विजेला तो तसाच लावता येत नाही.

पण भागधारक स्वतः खोदत नाही. कृत, कारित आणि अनुमोदित हा भेद इथे कामाला येतो: स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केलेल्याला मनाने संमती देणे. साधू तिन्ही सोडतो. गृहस्थाचे व्रत बहुधा पहिल्या दोहोंपुरते असते, कारण संसारात राहून अनुमोदना पूर्णपणे टाळणे अवघड. भागधारकाचे स्थान नेमके या मोकळ्या सोडलेल्या जागेत आहे.

यावर वजनदार हरकत अशी की बाजारात विकत घेतलेल्या समभागाचे पैसे कंपनीकडे जात नाहीत, ते आधीच्या धारकाला मिळतात, आणि खाण पूर्वीसारखीच चालू राहते. परिणामांपुरते हे खरे आहे. अनुमोदनेचा विचार मात्र परिणामावर थांबत नाही. तो मनात काय चालले आहे हे विचारतो. लाभांशासाठी वीस वर्षे समभाग धरून ठेवणारा माणूस वर्षानुवर्षे कोळशाचा खप वाढावा अशी इच्छा बाळगतो. आज घेऊन उद्या विकणाऱ्यापेक्षा त्याची संमती अधिक खोल आहे. दीर्घ मुदत आर्थिक दृष्ट्या शहाणपणाची असेल, पण नैतिक जबाबदारी ती कमी करत नाही, वाढवते.

पॉवर ग्रिडला यामुळे निर्दोषपणाचा दाखला मिळत नाही. भारतातली बहुतेक वीज आजही कोळशावरच तयार होते आणि तीच या वाहिन्यांतून धावते. तरी फरक खराच आहे. वाहिनी सौरऊर्जाही तेवढ्याच सहजतेने नेते, त्यामुळे तिच्या धारकाला कोळसा अधिक जळावा अशी इच्छा करावी लागत नाही. कोल इंडियाचा धारक ती इच्छा टाळू शकत नाही. म्हणून आकडे बरोबरीचे असताना पॉवर ग्रिडची निवड या कसोटीवर अधिक योग्य ठरते. खाणीची वीज घरात वापरणाऱ्याने खाणकामगाराकडे तुच्छतेने पाहावे, असा मात्र याचा अर्थ होत नाही.

दिगंबर परंपरेत श्रावकाच्या अकरा प्रतिमा, म्हणजे पायऱ्या, आहेत. त्यांतली दहावी अनुमतित्यागाची. तिथे पोचलेला श्रावक घरच्या व्यापारालाही संमती देत नाही, तेव्हा त्याच्यापुढे दोन समभागांचा प्रश्न उरतच नाही. त्याखालच्या पायऱ्यांवरच्या गृहस्थाला मात्र आपली अनुमोदना कुठे जाते हे प्रत्येक खरेदीच्या वेळी तपासावे लागते.