सुट्या वाक्यांची शाळा

'गाईनं वासराला चाटलं. थोड्या वेळानं ते धडपडत उभं राहिलं. मग ती पाणी प्यायला गेली.' उभं कोण राहिलं आणि पाणी प्यायला कोण गेलं, हे मराठी घरातलं सहा वर्षांचं मूल न अडखळता सांगतं. दुसऱ्या वाक्यात वासराचं नाव नाही, तिसऱ्यात गाईचं नाही. 'ते' आणि 'ती' या एकेका अक्षराच्या सर्वनामांवर सगळा अर्थ तोललेला आहे. वासरू उभं राहिल्यावरच गाय तिथून हलली असणार, हेही मूल मनात जुळवून घेतं. हे तर कुठल्याच वाक्यात लिहिलेलं नाही.

आता हाच मजकूर गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्या मुलासमोर ठेवा. गोंडीत तृतीयपुरुषी एकवचनी सर्वनामांचे दोनच गट आहेत: पुरुषांसाठी एक आणि बाकी सगळ्यांसाठी दुसरा. गाय आणि वासरू, दोघांनाही एकच सर्वनाम. मेळघाटातल्या कोरकू भाषेत विभागणी सजीव आणि निर्जीव अशी, म्हणजे तिथंही दोघं एकाच बाजूला. हे मूल अक्षरं ओळखेल, शब्द वाचेल, तिन्ही वाक्यं मोठ्यानं म्हणूनही दाखवेल. पण उभं कोण राहिलं, इथं त्याचा धागा तुटेल. शिक्षक त्याच्या वहीत लिंगाच्या चुकांवर लाल रेघा मारतात. माझ्या मते त्या रेघांखाली वेगळीच अडचण दडलेली असते. एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात कसं जायचं, हे त्या मुलाला कुणी दाखवलेलंच नसतं.

मराठी ही जोडणी अनेक रीतींनी करते. 'आजी भाकऱ्या थापून शेतावर गेली' यात थापणारी आणि जाणारी एकच. 'आजी भाकऱ्या थापत असताना सून शेतावर गेली' म्हटलं की माणसं बदलली. 'जेव्हा' आलं की कान 'तेव्हा'ची वाट पाहतो. 'तरी' हा शब्द आधी बांधलेली अपेक्षा मोडतो. 'म्हणे' आलं की बोलणारा ऐकीव गोष्ट सांगतोय, हे कळतं. एम. ए. के. हॅलिडे आणि उत्तर प्रदेशातल्या प्रतापगडला जन्मलेल्या रुकैया हसन यांनी १९७६ मध्ये इंग्रजीतल्या अशा जोडण्यांवर 'कोहिजन इन इंग्लिश' हा अख्खा ग्रंथ लिहिला. आपलं शालेय व्याकरण मात्र वाक्याच्या पूर्णविरामापाशी थांबतं. प्रयोग ओळखा, समास सोडवा, वाक्याचा प्रकार सांगा. दोन वाक्यांच्या मध्ये काय चालतं, याला अभ्यासक्रमात जवळपास जागाच नाही.

मुलं हे शिकतात ते सलग बोलणं ऐकून. श्रावणातल्या कहाण्या, आजोळच्या रात्री, देवळातलं कीर्तन. कीर्तनकार पूर्वरंगात एक विचार मांडतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो, तेव्हा श्रोत्याला पहिल्या भागाचं सूत्र धरून दुसरा ऐकावा लागतो. लोककथा सांगताना समोरच्यानं हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. ऐकणं हेही काम आहे, हे त्या रीतीत गृहीत धरलेलं होतं. मी हे जुन्या काळाच्या आठवणीनं हळवं होऊन लिहीत नाही. आजही मुलं तासन्‌तास ऐकतात, पण पडदा हुंकाराची वाट पाहत नाही, आणि मुलानं मध्येच 'का?' विचारलं तर तो उत्तरही देत नाही.

गरीब घरात भाषाच कमी असते, असं काही लोक सहज बोलून जातात. ते मला मुळीच मान्य नाही. ऊसतोड कामगारांच्या कोपीवरही कथा असतात, भांडणं असतात, हिशेब असतात. फरक असतो तो सांगण्याच्या घडणीत. सारा मायकल्स यांनी अमेरिकेतल्या बर्कली इथल्या पहिलीच्या वर्गाचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. तिथं मुलं रोज सकाळी उठून काहीतरी सांगत. काही गोरी मुलं एकाच वस्तूबद्दल सरळ रेषेत बोलत. बाईंना ते कळे आणि त्या नेमका प्रश्न विचारून मुलाला पुढं नेत. काही काळी मुलं एका प्रसंगातून दुसऱ्यात जात, आणि त्यांतला संबंध सुरातून, लयीतून सूचित करत. बाईंना तो संबंध दिसेना. त्या मध्येच तोडत, चुकीच्या जागी प्रश्न घालत, आणि मूल गप्प होई. जोडणी मुलाच्या बोलण्यात होती. ती ऐकू येईल असा कान वर्गात नव्हता. आपल्याकडं 'काल आमच्याकडं पाव्हणं आलं, मग म्हस व्याली, मग दाजी रागावलं' असं सांगणाऱ्या मुलाला 'नीट बोल, शुद्ध बोल' म्हणून खाली बसवलं जातं, तेव्हा हेच घडतं. पाहुणे, म्हैस आणि दाजींचा राग यांचा संबंध काय, हे एकदा प्रेमानं विचारलं असतं तर पुढची दहा वाक्यं त्या मुलानंच रचली असती.

वर्गातलं बोलणं बहुतेक वेळा तीन पावलांत संपतं: शिक्षकांचा प्रश्न, मुलाचं उत्तर, शिक्षकांचा शेरा. जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कुल्टहार्ड यांनी १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या वर्गांत हा साचा नोंदवला, पण वर्णन आपल्याही वर्गांचं वाटावं असंच आहे. त्यात आपली भर आहे ती समूहस्वराची. गुरुजी म्हणतात, 'पृथ्वी सूर्याभोवती फि...' आणि साठ कंठांतून '...रते!' उमटतं. सगळ्यांना कळलं, असा भास होतो. मुलानं प्रत्यक्षात उच्चारलं काय, तर एका क्रियापदाचं शेपूट. परीक्षाही तशीच. गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, एका वाक्यात उत्तरे लिहा. मग वरच्या वर्गात अचानक निबंध मागितला जातो, आणि मुलांना चार वाक्यं धड जोडता येत नाहीत अशी तक्रार आपण करतो. तोवर त्यांच्याकडून आपण एकेकच वाक्य मागितलं होतं.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं सत्तरच्या दशकात विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून पाहिले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबत. हे थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढवलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, कारणं देणारी झाली, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. खर्च शून्य.

आता घड्याळ दुसऱ्या बाजूनं वर्गात आलं आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानानं दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलानं किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असं लक्ष्य ठेवलं. ध्येय चांगलं आहे. अडखळत वाचणाऱ्याच्या हाती अर्थ लागत नाही, हे खरंच. पण मिनिटं आणि शब्द मोजता येतात, 'अर्थासह' मोजायला वेळ लागतो. म्हणून तपासणीच्या दिवशी हातात उरतं ते घड्याळ. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं आकलन हा दोन क्षमतांचा गुणाकार आहे असं मांडलं. एक, अक्षरांवरून शब्द उलगडण्याची. दुसरी, ऐकलेली भाषा समजण्याची. त्यांनी बेरीज न म्हणता गुणाकार म्हटलं, याला मी फार महत्त्व देतो. एक बाजू शून्य असली की दुसरी कितीही वाढवा, हाती शून्यच. शब्दांचा वेग वाढवण्यात सगळी ताकद घालणारी शाळा गुणाकाराची एकच बाजू मोठी करत बसते.

सलग बोलणं असं हरवण्यात सर्वांत जास्त नुकसान मला अशा मुलांचं दिसतं, ज्यांना घरची भाषा बाजूला ठेवून तिसऱ्या वर्षी इंग्रजी शाळेत घातलं जातं. त्यांच्याशी घरीसुद्धा 'हँड वॉश कर', 'मँगो खा' असं बोललं जातं. भाषांची सरमिसळ हा माझा आक्षेप नाही. बहुभाषक समाजात ती होणारच. आक्षेप आहे तो सूचनांपुरत्या उरलेल्या बोलण्याला. इंग्रजीत मुलाला रंगांची, फळांची, प्राण्यांची नावं येतात, मराठीत हुकूम कळतात, आणि 'आज शाळेत काय झालं?' याचं सलग उत्तर दोन्हींपैकी कुठल्याच भाषेत देता येत नाही. एका भाषेत गोष्ट सांगता येणारं मूल दुसऱ्या भाषेत ती सांगायला शिकतं. सांगायची सवयच नसेल तर दुसऱ्या भाषेत नेणार काय?

यावर उपाय आपल्याकडं फार आधी करून पाहिले गेले आहेत. शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक चौथीच्या दंगेखोर वर्गात पाठ्यपुस्तक न उघडता गोष्ट सांगायला लागतो, रंगात आल्यावर थांबतो, उरलेली दुसऱ्या दिवशी सांगतो. पुढं तो वर्गात गोष्टींच्या पुस्तकांचं ग्रंथालय उभं करतो. क्रम पाहण्यासारखा आहे: आधी ऐकण्याची ओढ, मग पुस्तक. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढं अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला वारली मुलांमध्ये काम केलं. फलटणच्या बोलीवर डॉक्टरेटचा अभ्यास करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी तिथंच कमला निंबकर बालभवन उभं केलं आणि मुलांनी स्वतःचे अनुभव स्वतःच्या भाषेत लिहिण्याला मान दिला. ही मंडळी मुलाच्या तोंडचं बोलणं शाळेत आणत होती आणि तिथून पुस्तकाकडं जात होती.

वाक्यांमधल्या जोडण्यांची ही गोष्ट इतर विषयांनाही लागू आहे. भूगोलाच्या पुस्तकात 'त्यामुळे', 'परिणामी', 'याउलट' हे शब्द सोडून बाकी सगळ्या शब्दांखाली मुलं रेघा ओढतात, कारण व्याख्या तिथं असतात. सह्याद्रीच्या पश्चिमेला धो धो पाऊस आणि पूर्वेला माणदेश कोरडा, यातलं कारण त्या 'त्यामुळे'मध्ये असतं. धडा शिकवताना त्या एका शब्दापाशी थांबून 'कशामुळे?' विचारलं आणि पूर्ण उत्तर ऐकून घेतलं, तर भाषा आणि भूगोल दोन्ही एकाच वेळी शिकवून होतात.

मुलांचं एवढं ऐकायला वेळ कुठून आणायचा, असं शिक्षक विचारतात. त्यांच्या माथ्यावर माहिती भरायचे तक्ते, प्रशिक्षणं आणि सर्वेक्षणं इतकी आहेत की प्रश्न रास्तच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या प्रमाणानं प्राथमिक वर्गात तीस मुलं धरू. रोज पाच मुलांना तीन-तीन मिनिटं दिली तर पंधरा मिनिटं लागतात आणि सहा दिवसांत प्रत्येकाची पाळी एकदा येते. त्या तीन मिनिटांत मुलानं काहीही सांगावं: म्हैस कशी व्याली, पंप कसा दुरुस्त झाला, वाचलेली गोष्ट, पाहिलेला सिनेमा. शिक्षकांनी शुद्ध-अशुद्धाचा कान बंद ठेवावा आणि 'मग?', 'का बरं?', 'ती म्हणजे कोण?' एवढंच विचारावं. बाकीच्या मुलांनी हुंकार द्यावा. ही पंधरा मिनिटं समूहस्वरात वाक्यांची शेपटं म्हणून घेण्याच्या वेळेतून काढता येतात. त्यासाठी कुठल्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.