वीणेचा पहारा

रिसोडकडच्या एका गावातली ही गोष्ट. तिथं दरवर्षी माघ महिन्यात अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस आणि सात रात्री मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात नाम थांबत नाही आणि वीणा खाली टेकत नाही. दर दोन तासांनी पहारा बदलतो. नवा पहारेकरी हातपाय धुऊन येतो, जुन्याच्या पाया पडतो, जुनाही त्याच्या पाया पडतो आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. मधे तार गप्प होऊ द्यायची नाही, म्हणून देणाऱ्याचं बोट तारेवर असतानाच घेणारा आपलं बोट लावतो. क्षणभर एकाच तारेवर दोघांची बोटं असतात. मग जुना आपलं बोट काढून घेतो.

रात्रीच्या कीर्तनातली वीणा मात्र मानाची. कीर्तनकार महाराजांच्या मागे, साऱ्या गावासमोर उभं राहायचं. कित्येक वर्षं ती वीणा एकाच गळ्यात होती. गाव त्यांना आबा म्हणायचं.

आबांना हा मान कुणी खिरापतीसारखा वाटला नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात गावची अर्धी माणसं खडी फोडायला गेली होती, मिलो आणि सुकडीवर दिवस काढत होती. आबा तेव्हा तिशीतले. पाऊस परतल्यावर त्यांनी घरोघरी फिरून पायली-पायली ज्वारी गोळा केली आणि सप्ताह सुरू केला. पुढे सरपंच झाले, मग सोसायटीचे अध्यक्ष. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्याआधी प्रत्येक कामाला अकोला गाठावं लागे. पहाटेची एसटी धरायची, कचेरीच्या व्हरांड्यात दिवसभर बसायचं, रात्री उशिरा परत. गावचा रस्ता, शाळेच्या खोल्या, पाण्याची टाकी, सगळ्यांमागे आबांचे खेटे होते. त्यांच्याविषयी बोलताना हे आधी सांगितलंच पाहिजे. जुन्या माणसांना बाजूला व्हा म्हणणारे बहुतेक जण हे सांगायचं विसरतात, आणि मग त्या म्हाताऱ्यांना ती मागणी अपमान वाटते. त्यात त्यांची चूक नाही.

पण आबांनी ऐंशी ओलांडली आणि कान गेले. वीणेची तार उतरली तरी त्यांना कळेना. कीर्तन सुरात आणि वीणा खाली, असं होऊ लागलं. पेटीवाला मग पेटी मोठ्यानं दाबी, टाळकरी टाळ जोरात वाजवत, माईकवाला वीणेपुढचा माईक हळूच वळवून ठेवी. साऱ्या गावानं मिळून आबांची चूक झाकली आणि त्याला आदर म्हटलं. मला ही आदराची फार वाईट रीत वाटते. ज्याला मान द्यायचा, त्यालाच अंधारात ठेवायचं!

त्याच गावात खालच्या आळीतला एक पोरगा होता. पोरगा म्हणायचं, पण पस्तिशीला आलेला. घरची दोन एकर कोरडवाहू, शिवाय बटाईनं केलेलं थोडं ओलिताचं रान. रात्री थ्री-फेज आली की तो हरभऱ्याला स्प्रिंकलर लावायला जाई. पाइप बदलून, चिखलाचे पाय धुऊन तो दोनच्या ठोक्याला मंडपात हजर. रात्री दोन ते चारचा पहारा कुणालाच नको असतो. थंडी असते, मंडपात चार कुत्री आणि दोन म्हातारी झोपलेली, डोळे मिटायला लागतात. तो पहारा बरीच वर्षं त्याच्याकडे होता. कुणी बघत नसताना तो वीणा लावायला शिकला. तार आणि घोडी यांच्यामध्ये जवारीचा बारीक धागा असतो. तो केसभर पुढंमागं सरकवला की आवाज उघडतो, नाहीतर तार नुसती टण्‌टण्‌ करते. एवढं त्याला येत होतं. कीर्तनाची वीणा त्यानं कधी मागितली नाही. आबांना वाटे, हवी असती तर मागितली असती. त्याला वाटे, द्यायची असती तर दिली असती.

आबांच्या मनात वेगळंच होतं. त्यांचा नातू पुण्याला हिंजवडीत नोकरीला. तो काल्याच्या दिवशी गाडी घेऊन यायचा आणि जेवून परत जायचा. पण आबा दरवर्षी म्हणत, "नातू आला का त्याच्याच गळ्यात घालीन. तवरक मी उभा हाय."

विधानसभेची निवडणूक नुकतीच होऊन गेली होती, त्या माघातली ही गोष्ट. सहाव्या रात्री कीर्तन रंगात आलं आणि बाहेरगावचे महाराज अभंगाच्या मधेच थांबले. मागे वळून त्यांनी वीणेच्या तारेवर हात ठेवला आणि हलकेच म्हणाले, "आबा, जरा लावून घ्या." आबांना ते ऐकू आलं नाही. माईक बंद पडला असं समजून ते माईकवाल्यावर खेकसले. मंडपात कुणी हसलं नाही. बायकांनी माना खाली घातल्या.

सातव्या रात्री कीर्तन आटोपल्यावर काल्याच्या पंगतीची तयारी चालली होती. एका बाजूला वांगी चिरणं, एका बाजूला कणीक तिंबणं. तिथं विषय निघालाच.

"आता बास झालं म्हणा त्यायचं," एक तरुण म्हणाला.

"हाव, आन् सप्ताह कोणी उभा केला? तुह्या बापानं?" दुसऱ्यानं सुनावलं.

गावचे निवृत्त गुरुजी वांगी चिरत होते. ते म्हणाले, "मी जिल्हा परिषदेचा मास्तर. अठ्ठावन्न झाली आणि सरकारनं नारळ दिला. हायकोर्टाच्या न्यायाधीशालाही ६२ ची रेघ आहे. सरपंच व्हायला २१ आणि आमदार व्हायला २५ लागतात, पण थांबायचं कधी ते कुठंच लिहिलेलं नाही."

मग बोलणं निवडणुकीवर घसरलं. वाशीमला भाजपनं चार वेळा आमदार राहिलेल्या लखन मलिक यांना थांबवून श्याम खोडे यांना उभं केलं आणि ते निवडूनही आले. रिसोडला तिरंगी लढत झाली. अमित झनक, भावना गवळी आणि अनंतराव देशमुख. देशमुख १९८९ साली वाशीममधून लोकसभेवर गेले होते, आणि पस्तीस वर्षांनी पुन्हा मैदानात होते. भावनाताई १९९९ साली पहिल्यांदा खासदार झाल्या तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांच्या. पाच वेळा त्या निवडून आल्या, आणि २०२४ च्या लोकसभेला त्यांचं तिकीट कापलं गेलं.

"म्हणजे कालची तरणी आज जुनी झाली," तो तरुण म्हणाला.

"तेच सांगतोय," गुरुजी म्हणाले. "जुना आणि तरणा ही काही दोन जातींची माणसं नाहीत. २०२३ च्या जुलैत अजित पवारांनी भर सभेत काकांना वयावरून विचारलं, आता थांबणार की नाही. काका ८२ वर्षांचे होते हे खरं. पण विचारणारा पुतण्याही ६३ चा होता. आणि हेच काका १९७८ साली ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले होते. तेव्हा ते कुणाची पाळी संपायची वाट बघत बसले नव्हते."

"मग कोणी आपणहून सोडलंच नाई का, गुरुजी?"

"सोडलं ना. आपल्याच शिवेवरच्या माणसानं. त्याच १९७८ साली."

गुरुजींनी नानाजी देशमुखांची गोष्ट सांगितली. नानाजी हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे, जन्म १९१६ चा. गरिबीतून शिकले, शाळेची वर्षं रिसोड-वाशीमकडे गेली. आणीबाणीत तुरुंग भोगला. १९७७ साली उत्तर प्रदेशातल्या बलरामपुरातून लोकसभेवर निवडून आले. मोरारजी देसाई मंत्री करायला तयार होते, यांनी नको म्हटलं. दुसऱ्या वर्षी जाहीरपणे म्हणाले, साठी ओलांडलेल्यांनी सत्ता सोडून समाजकार्याला लागावं, आणि आधी स्वतः बाहेर पडले. स्वतःचा पक्ष दिल्लीत राज्य करत असताना! पुढं गोंडा जिल्ह्यात आणि मग चित्रकूटच्या खेड्यांत पाणी, शेती, शाळा यांची कामं करत राहिले. २०१० साली गेले. २०१९ मध्ये मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

कोपऱ्यातला एक कॉलेजचा पोरगा म्हणाला, "पण गुरुजी, १९९९ साली ते राज्यसभेवर गेलेच की."

"गेले," गुरुजींनी मान्य केलं. "राष्ट्रपतींनी नेमलं म्हणून गेले. पण निवडणुकीच्या मैदानात कोणा तरुणाची वाट अडवायला ते पुन्हा उतरले नाहीत. मला एवढं पुरतं."

मलाही पुरतं. वरच्या वयाचा कायदा व्हावा असं मला वाटत नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले ते लोकांनी निवडलं म्हणून, आणि २०१९ साली थांबले ते स्वतः ठरवून. कुणाचे कान ऐंशीलाही शाबूत असतात, कुणाचे पन्नाशीतच बंद होतात. लोकांचं ऐकू यायचं कधी थांबलं, हे तपासायचं. पण ते ज्याचं त्याला कळत नाही आणि भोवतालचे सांगत नाहीत, यातच सगळी अडचण आहे. नेत्याभोवती टाळ जोरात वाजवणारे फार असतात.

कणीक तिंबणाऱ्या बायकांत आबांची कारभारीण होती. तिनं सगळं ऐकलं. घरी जाऊन तिनं आबांच्या कानाशी तोंड नेलं आणि गाव जे वर्षानुवर्षं बोललं नव्हतं ते सांगून टाकलं.

"तुमची तार उतरते. तुमाले आयकू येत नाई. काल महाराजांनी थांबवलं ते त्याच्यासाठी. माईकवाल्या पोराचा काई गुन्हा नवता."

आबा बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "एवढ्या वर्षांची वीणा माही. कोणाले देऊ?"

"वीणा देवाची. तुमचा पहारा होता, तो झाला," म्हातारी म्हणाली. "ज्यानं रात्रीचे पहारे केले त्याले द्या. आन् हातात जोर हाय तवर द्या. पडल्यावर उचलून घ्यायची पाळी त्याच्यावर आनू नका."

काल्याच्या दिवशी नातू आला. आबांनी त्याला मंडपात बोलावलं. पोरगा गुणी होता. त्यानं वीणेला हात जोडले आणि म्हणाला, "आबा, मला ही धरताही येत नाही. गावासमोर मला असं उभं करू नका." आबांना राग आला नाही. त्यांना आधी हे कुणी बोललं नव्हतं, एवढंच.

मग त्यांनी खालच्या आळीतल्या त्या पोराला हाक मारली. तो पाण्याचे ड्रम भरत होता, ओल्या हातांनी आला. आबा वाकले आणि रिवाजाप्रमाणे त्याच्या पाया पडले. तो गडबडला. तोही पाया पडला. वीणा गळ्यातून गळ्यात गेली. आबांचं बोट तारेवर होतं, त्याचंही आलं. आबांनी बोट काढायला जरा वेळ लावला, पण काढलं. पोरानं कान तारेजवळ नेला, खुंटी थोडी पिळली, धागा सरकवला. महाराजांनी मान डोलावली. काल्याचं कीर्तन सुरू झालं. माईकवाल्यानं वीणेपुढचा माईक सरळ केला.

संध्याकाळी भांडीकुंडी आवरल्यावर पुढच्या वर्षीची पहाऱ्याची यादी करायला माणसं पारावर बसली. या वेळी वही त्या पोराकडे आली. त्यानं पहिल्याच पानावर दोन बदल केले. सकाळचे दोन पहारे बायकांच्या भजनी मंडळाला दिले. आणि कीर्तनाच्या वीणेपुढं स्वतःचं नाव लिहून कंसात लिहिलं, 'तीन वर्षं'.

आबांना दोन्ही पटलं नाही. "बायकायले पहारा? आजवर कधी झालं नाई. आन् हे तीन वर्षं कायले? मले तर कोणी मुदत घातली नवती."

"ते माह्यासाठी लिहिलं, आबाजी," पोरगा म्हणाला. "तीन वर्षांत दुसरा कोनी तयार करतो. नाई केला तर तुमी मले बोला."

पारावर सगळे आबांच्या तोंडाकडं पाहू लागले. वही हातात असती तर आबांनी दोन्ही ओळी खोडल्या असत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आबांनी वही मागितली नाही. थोड्या वेळानं विचारलं, "दुपारचा दोन ते चार कोणाले देला?"

"रिकामाच हाय. उन्हात कोनी येत नाई."

"मंग तो मले लिही. तार मातर तू लावून देजो."

पोरानं लिहिलं आणि पान उलटलं, कारण वर्गणीचा हिशेब अजून राहिला होता.