प्रसन्न

परवा नातीने धडा वाचता वाचता विचारले, "आजोबा, चिअरफुल म्हणजे काय हो?" उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेलेला मी, 'आनंदी' म्हणून मोकळा झालो. पोरीने मला क्षणभर न्याहाळले. म्हणाली, "मग तुम्ही हल्ली चिअरफुल नाही ना?"

श्रावणात आमची ही गेली. तिच्यावाचून ही पहिली दिवाळी. सण करायचा नाही हे ठरलेलेच. सूनबाईंनी आकाशकंदील माळ्यावरून खाली काढलाही नव्हता.

मी शब्दकोश उघडला. 'चिअर' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता नुसता चेहरा. तो हसरा असे, तसा उतरलेलाही असे. पुढे चेहऱ्यावरचा भाव, त्यामागचे मन, आणि अखेर केवळ हर्ष, असा अर्थ सरकत गेला. म्हणजे साहेबाचा आनंद तोंडावरचाच, असे म्हणून हसावेसे वाटते! पण आमची ही आजारपणातही समाचाराला आलेल्याला हसून म्हणे, "चहा घेतल्यावाचून जायचे नाही हं!" ते काय ढोंग होते?

संध्याकाळी पाणचक्कीवर जाऊन बसलो. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, तरी माझी ही बैठक बदललेली नाही. मलिक अंबरने 1610 साली इथे खडकी वसवली आणि डोंगराकडचे पाणी जमिनीखालून नहरीने शहरात आणले. त्याच्या मागाहून झालेल्या या पाणचक्कीतही पाणी असेच खापरी नळांतून येई, उंचावरून पडे, जाते फिरवी. फकिरांना आणि वाटसरूंना पीठ मिळे.

पाण्याच्या काठी बसल्यावर आपला 'प्रसन्न' आठवला. त्यातला धातू 'सद्', म्हणजे बसणे. गाळ खाली बसून निवळलेल्या पाण्यालाही संस्कृतात प्रसन्न म्हणतात. पावसाळ्यातले गढूळ पाणी शरदात निवळते, आणि दिवाळी येते ती शरदातच! गंमत म्हणजे, अर्जुनाचा 'विषाद' निघाला तोही याच धातूपासून. एकात मन निवळते, दुसऱ्यात तेच मन खचते. मूळ मात्र एक.

लहानपणी आई निवळीचे बी उगाळून गढूळ पाण्यात टाकी. गाळ तळाशी जाई, नाहीसा होत नसे. म्हणून वरचे नितळ पाणी कुणी खोटे म्हटले नाही. मग तळाशी दुःख असलेल्या माणसाचे हसू तरी खोटे का म्हणावे? खोटे ते, जे गाळ नाहीच म्हणते. आणि दुःखाशी इमान राखायचे म्हणून पाणी रोज ढवळत राहणे, हेही काही खरेपण नव्हे. शिवाय ते गढूळ पाणी प्यावे लागते घरातल्या लेकरांना.

घरी येऊन म्हटले, "सूनबाई, फराळाचे राहू द्या यंदा. पण कंदील तेवढा लावू या. तिला अंधार आवडत नसे."

नात माझ्याकडे पाहत होती. मी तिला नवा अर्थ सांगितला नाही. तिने विचारलाही नाही. धावत जाऊन स्टूल घेऊन आली.